पासोडीपासून छापखान्यापर्यंत

कवितेचे पुस्तक कोणी छापीत नाही, आणि छापलेच तर ते कोणी विकत घेत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती आजकालचीच आहे असा मात्र समज करून घेऊ नये. बीदर आणि कलबुर्गी हे आज कर्नाटकात असलेले सीमेवरचे जिल्हे. येथील मराठी कविता चारशे वर्षांहून जुनी आहे. ती लोकांपर्यंत कशी पोहोचली हे पाहू लागलो, म्हणजे बाजाराच्या आधारावर ती कधी जगलीच नव्हती असे दिसून येते.

दासोपंतांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १५५१ साली बीदर परगण्यातील नारायणपेठेचा. वडील दिगंबरपंत हे देशपांडे. वसुलाचा भरणा वेळेवर झाला नाही म्हणून लहानग्या दासोपंतांना बीदरच्या दरबारी ओलीस ठेवले गेले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे हे दत्तभक्त अंबाजोगाईस स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी अफाट लेखन केले. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी ‘गीतार्णव’ या त्यांच्या गीताभाष्याची ओवीसंख्या सव्वा लाख मानली जाते.

आता या आकड्याचा व्यावहारिक अर्थ पाहा. छापखाना नसता ग्रंथाचा प्रसार नकलेनेच व्हायचा. एखाद्याने बोरू हाती घेऊन रोज शंभर ओव्या उतरवल्या आणि एकही दिवस खाडा केला नाही, तरी एका प्रतीस जवळजवळ साडेतीन वर्षे लागणार. एवढा वेळ कोण देणार, आणि लेखनिकाच्या पोटापाण्याची सोय कोण करणार? ग्रंथ जितका मोठा, तितक्या त्याच्या प्रती थोड्या, हे ओघानेच आले. ‘गीतार्णव’ शतकानुशतके पोथ्यांतच राहिला, याचे एक कारण त्याचा विस्तार हेच असले पाहिजे.

दासोपंतांची ‘पासोडी’ तर याहून नवलाची. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांसह लिहिला. पोथी एकाच्या हाती राहते. पासोडी अंथरली की भोवती बसलेल्या दहा जणांना दिसते. परंतु तिची दुसरी प्रत काढणे सोपे नव्हते. अंबाजोगाईस ती पिढ्यान् पिढ्या जपली गेली, म्हणूनच ती टिकली.

याच मुलखात मृत्युंजय, म्हणजे शाह मुंतोजी बामणी, यांनी मराठीत ‘सिद्धसंकेतप्रबंध’ आणि ‘अनुभवसार’ यांसारखे ग्रंथ रचले. परंपरा त्यांना बीदरच्या बहामनी राजकुळातील मानते. त्यांचे गुरू कल्याणीचे सहजानंद. राजकुळाचे नाव पाठीशी असूनही त्यांचे ग्रंथ शिष्यपरंपरेच्या हातांतूनच पुढे गेले. हुमनाबादच्या माणिकप्रभूंची (१८१७–१८६५) पदे मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा भाषांत आहेत. ती भजनांतून कंठोकंठी पसरली. गळ्याला ना कागद लागत, ना शाई.

मग छापखाने आले. पण ते मुंबईपुण्याकडे. तेथेही मोठ्या काव्यग्रंथाला कोणाचा तरी आश्रय लागेच. तुकारामांची गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघाली, ती मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले म्हणून. ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी १९०३ साली ‘महाराष्ट्र कवि’ मासिक काढून जुने काव्य छापले, तेव्हा दासोपंतांच्या कवितेचा काही भाग वाचकांसमोर आला. नव्या कवींची अवस्था याहून निराळी नव्हती. केशवसुत १९०५ साली हुबळीस वारले. त्यांच्या कवितांचे पुस्तक हरिभाऊ आपटे यांनी काढले, तेही सुमारे दहा वर्षांनी. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ साली निघाला, तो वि. स. खांडेकरांनी भार उचलला म्हणून.

निजामी राज्यात राजभाषा उर्दू होती. तिथे मराठी पुस्तकाला सरकारी आश्रय दुर्मीळ आणि विक्रीचे क्षेत्र लहान. तरीही १९३१ साली हैदराबादेस डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. दासोपंतांची जन्मभूमी आणि कर्मभूमी यांच्यामधून प्रांताची सीमा गेली.

सीमा नकाशावर आखता येते. ओवी काही तिथे थांबत नाही. पण ओवी आपल्या पायांनी चालतही नाही. कधी लेखनिकाने, कधी भजनी मंडळाने, कधी पदरमोड करणाऱ्या संपादकाने तिला पुढच्या गावी पोहोचविले आहे. भालकी-औरादकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात आजही पोथी बासनात बांधलेली असेल. ते बासन एकदा सोडून पाहावे, ओल आणि वाळवी यांपासून ती पोथी जपावी आणि जाणत्या अभ्यासकाला दाखवावी. आणि शेजारच्या गावातला एखादा नवा कवी आपले पुस्तक घेऊन दाराशी आला, तर त्याची एक प्रत दाम मोजून घ्यावी. भेट म्हणून मागू नये.