उरलेल्या साखरेचा हिशेब

जर्मनी, १८५०. खोलीत अंधार केलाय, दिवा एकच. त्याच्यापुढे पितळी घोडीवर आडवी नळी; आत साखरेचं पाणी आणि थोडं नायट्रिक आम्ल. लुडविग विल्हेल्मी तुम्हाला खुणेनं जवळ बोलावतो. औषधांचं दुकान विकून हा गडी विज्ञानात शिरलाय.

तुम्ही डोळा लावता, चकती फिरवता, उजेड मावळतो तिथे थांबून अंश वाचता. उसाची साखर ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते. आम्लात तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे मिश्रण डावीकडे वळवतं. नळीत ना बुडबुडा, ना रंग. नुसता कोन सरकतो. थेंबही बाहेर न काढता अभिक्रिया मोजायची, खरी करामत ही. (साखर कारखान्यातला केमिस्ट रसाचा 'पोल', म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतो तो याच वळणावरून. रसात चुना घालतात तोही आंबटपणा मारून ही फूट रोखायला.)

आकडा आधी भराभर उतरतो, मग रेंगाळतो. तास उलटतात. कोन शून्यावर येतो आणि तुम्ही म्हणता, "निम्मी संपली!"

नाही. सुरुवात ६६.५ अंशांवर असेल, तर सगळी साखर फुटल्यावर आकडा साधारण उणे २१ होतो. म्हणजे निम्मी उरली तेव्हा तो २३च्या आसपास होता, आणि तुमच्या हातून केव्हाच निसटला. शून्यावर जेमतेम पाव साखर उरलीये. एक नव्हे, दोन अर्धायुष्यं, म्हणजे साखर निम्मी व्हायला लागणारे दोन काळ, सरलीत.

विल्हेल्मी वहीत मांडतो: साखर घटण्याचा वेग म्हणजे स्थिरांक गुणिले आम्ल गुणिले उरलेली साखर. आम्ल खर्च होत नाही. पाणी इतकं मुबलक, की त्याची घट जाणवतच नाही. राहता राहिली साखर, तीही पहिल्या घातात. म्हणून ही अभिक्रिया प्रथम कोटीची वागते.

खात्री हवी? दुसऱ्या नळीत आम्ल तेवढंच, साखर मात्र अर्धी घ्या. निम्मी व्हायला वेळ तेवढाच लागेल. शून्य कोटी असती तर अर्ध्या वेळात काम उरकलं असतं, द्वितीय कोटी असती तर दुप्पट वेळ लागला असता. फक्त ऊब बदलू देऊ नका. तापमान चढलं की वेग वाढतो, हेही त्यानं टिपून ठेवलंय.

यावर तो निबंध लिहितो; वेगाचा नियम गणितात मांडणारा हा पहिलाच. त्याच वर्षी हा निबंध पोगेनडॉर्फ चालवत असलेल्या नियतकालिकात छापून येतो, आणि कोणी फारशी दखल घेत नाही. १८६४मध्ये विल्हेल्मी जातो. १८८०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड त्याचं काम उजेडात आणतो, आणि निरनिराळ्या आम्लांचं बळ जोखायला हीच फुटती साखर वापरतो.