सनदेचे मोल

वकिली हा बुद्धीचा व्यवसाय म्हणून आपण गौरवितो; परंतु त्याच्या उंबरठ्यावर बुद्धीबरोबर पैशाचीही पारख होते, हे इतिहासाला नाकारता येत नाही.

बडोद्यात या विषयाचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण अपरिहार्य ठरते. १९१३ साली महाराज सयाजीरावांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. पुढे लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी कायद्याचे अध्ययन आरंभिले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांना ते अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकून आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले व १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ साली सनद घेण्यापुरते पैसेही त्यांच्यापाशी नव्हते. स्नेही नवल भथेना मदतीस धावले. सनद लाभली तरी अस्पृश्यतेमुळे पक्षकार सहज येईनात. चरितार्थासाठी त्यांना बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत शिकवावे लागले. विद्वत्ता आणि उपजीविका यांतील हे अंतर ध्यानी घेण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा अधिवक्ता कायदा आला. १९८८ पासून बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्या धर्तीवर अन्य विद्यापीठे निघाली. शिक्षणाचा दर्जा उंचावला, तसे शुल्कही लाखांच्या घरात गेले. मोठ्या पेढ्यांच्या भरघोस वेतनाच्या जागा मोजक्या. जिल्हा न्यायालयाची वाट धरणारे बहुसंख्य. तेथे ज्येष्ठांच्या हाताखालची उमेदवारीची वर्षे अल्प मानधनावर, कित्येकदा विनामोबदला, काढावी लागतात. ज्याच्या घरी तोवर पोसणारा कोणी नाही, तो गुणी असूनही मागे फिरतो.

नोंदणीचे शुल्क कायद्याने सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये ठरविलेले असता राज्य वकील परिषदा १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी अवैध ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतीय वकील परिषदेने कनिष्ठांना शहरात दरमहा किमान २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये देण्याची शिफारस केली. ती मात्र बंधनकारक नाही.

सनदेचे दार न्यायालयाने रुंद केले. दारापर्यंतची वाट अद्याप महागच आहे, आणि दाराआडची पहिली वर्षे त्याहून अवघड. भथेनांसारखा स्नेही प्रत्येकास लाभत नाही. म्हणूनच समाजाने ती जागा घ्यावयास हवी. एरव्ही न्यायासनासमोर दुर्बलांची बाजू मांडावयास दुर्बलांतून कोणी उभाच राहणार नाही.