मॉडचिपची कुळकथा

जुन्या गेम कन्सोलचा बोर्ड उघडायचा, चिपची पिन उचलायची, बारीक तारा सोल्डर करायच्या आणि प्रोग्राम भरलेली नवी चिप बसवायची, हे कसब सर्रास चोरीच्या खात्यात टाकले जाते. त्याचे मूळ शोधू लागले की मात्र दुरुस्तीही पहिल्यापासून सोबत असलेली दिसते, आणि तिची गरज कंपनीच्याच कुलपाने निर्माण केलेली.

निंटेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला तेव्हा त्यात कुलूप नव्हते. १९८५ मध्ये तोच संच एनईएस या नावाने अमेरिकेत गेला तो एक जादा चिप घेऊन. तिची जोडीदारीण प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये असे. दोघी एकाच तालात आकडे काढून ताडून पाहत. मेळ चुकला की कन्सोलमधली चिप प्रोसेसरला साधारण दर सेकंदाला रीसेट करी आणि समोरचा लाल दिवा लुकलुकत राही. हेतू विनापरवाना गेम रोखण्याचा होता. पण ७२ पिनांचा कनेक्टर वापराने सैल होई, त्यावर धूळ बसे, आणि पैसे मोजून घेतलेले अस्सल कार्ट्रिजही नाकारले जाई. उपाय सोपा निघाला: कुलपाच्या चिपची चौथी पिन कापायची. मग ती रीसेट करायचे सोडून देते. १९९३ च्या सुधारित एनईएसमध्ये तर निंटेंडोने ही चिप घातलीच नाही.

सोनीने १९९४ च्या प्लेस्टेशनमध्ये कुलूप डिस्कवर नेले. सीडीच्या आतल्या कडेच्या खोबणीला मुद्दाम दिलेल्या सूक्ष्म नागमोडीत चार अक्षरांची खूण असे: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी रायटरला ती उमटवता येत नाही. मॉडचिप म्हणजे हीच अक्षरे कन्सोलला परस्पर पुरवणारा आठ पिनांचा स्वस्त मायक्रोकंट्रोलर. पुढे फ्लॅश करण्याजोग्या चिपा आल्या आणि त्यातला प्रोग्राम हवा तेव्हा बदलता येऊ लागला.

यावरचा आक्षेप उघड आहे: या चिपमुळे कॉपी केलेल्या सीडी चालल्या. चालल्याच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जपानहून विकत आणलेली अस्सल डिस्क युरोपात चालली तीही हिच्यामुळेच. शिवाय हे कुलूप नक्कल करताना आडवे येत नाही, नक्कल झाल्यावर येते. नेमके यावरच बोट ठेवून ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००५ मध्ये सोनीचा दावा फेटाळला. तिथला कायदा नंतर बदलण्यात आला. अमेरिकेने २०२१ मध्ये कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती कुलूप उघडण्याची मुभा दिली, तीही काम झाल्यावर ते पुन्हा लावण्याच्या अटीवर. ही मुभा अपुरी आहे. नकली डिस्क विकणाऱ्याला जरूर शिक्षा व्हावी; पण विकत घेतलेले यंत्र चालू ठेवण्यासाठी त्याचे कुलूप काढण्याचा हक्क मालकाचाच असला पाहिजे.