मुद्दल एका खात्यात, व्याज दुसऱ्यात

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक कोरीव लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला तो मानला जातो. दानलेख म्हणून त्याची ख्याती आहे; पण हिशेबनिसाच्या नजरेने वाचला, तर कर्जाच्या नोंदीचा तो आपल्याकडचा एक अस्सल पूर्वज ठरतो. उषवदाताने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथल्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवली. एका श्रेणीकडे २,००० दरमहा दरशेकडा एक या दराने, दुसरीकडे १,००० दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच तेवढे भोगायचे, ही अट लेखात स्वच्छ घातली आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची होती. आपण हिशेब करून पाहू. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही नेमके २४०. एवढा काटेकोर मेळ योगायोगाने बसत नाही. कोणा जाणत्या लेखकाने आधी खर्च मांडला असणार, मग त्याला पुरेल एवढे मुद्दल ठरवले असणार. हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि फलकावर नोंदला गेला, असेही लेख सांगतो. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, व्याज कुठे जायचे ते आधीच ठरलेले आणि नोंद चारचौघांसमोर. आज कर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये जनरल लेजरची मांडणी करायला बसलेला माणूस याच गोष्टींची उत्तरे भरत असतो.

इथून आपण हजाराहून अधिक वर्षे ओलांडून युरोपात जाऊ. फ्लॉरेन्सच्या जोव्हानी फारोल्फी या पेढीची दक्षिण फ्रान्समधल्या सलों गावी एक शाखा होती. तिची १२९९-१३०० सालची खतावणी अंशतः टिकून आहे आणि द्विनोंदी पद्धतीचा हाती असलेला सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणून ती ओळखली जाते. ती लिहिणाऱ्याचे नाव अमातिनो मानुच्ची. या माणसाने एक विलक्षण गोष्ट केली. पेढीने चार वर्षांचे घरभाडे एकदम भरले होते. त्याने त्यातले एका वर्षापुरते खर्चात घेतले आणि उरलेले पुढच्या वर्षांसाठी शिल्लक ओढले. पैसा हातातून गेला त्या दिवशी खर्च झालाच असे नाही, तो ज्या काळाचा त्या काळात धरायचा, हा विचार तिथे कागदावर उतरला. पुढे १४९४ मध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने व्हेनिसमध्ये छापलेल्या गणितग्रंथात ही पद्धत तीन वह्यांत मांडून दाखवली: आधी कच्ची टिपणवही, मग रोजकीर्द, मग खतावणी. पाचोली तिचा जनक नव्हे, संकलक. छापखान्याच्या बळावर त्याचे नाव राहिले आणि मानुच्ची विस्मरणात गेला, याची हळहळ वाटते.

रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द आपल्याला उसने घ्यावे लागत नाहीत. पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल रोजकीर्दींनी भरलेले आहेत आणि सावकारांच्या पेढ्यांवरही कीर्दीतून खतावणीत रक्कम चढवण्याचा शिरस्ता होता. मात्र सावकाराच्या वहीत कुळाचे खाते एकच असे. त्यात दिलेली रक्कम नावे पडे, आलेली जमा होई, आणि व्याज लावून काढलेली बाकी पुन्हा नावे ओढली जाई. त्या बाकीत दिलेला पैसा किती आणि व्याज किती, हे सांगू शकणारा माणूस वही लिहिणाराच असे.

या एकाच खात्याने केवढा अनर्थ केला तो एकोणिसाव्या शतकात दिसला, आणि त्याला निमित्त झाला ऋणकोच्या भल्यासाठी केलेला एक कायदा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांपुरतेच दाव्याला चालेल असे ठरवले. व्याज फार साचू नये हा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्यावर तोड काढली. तीन वर्षे भरत आली की कुळाकडून नवे खत लिहून घ्यायचे, आणि थकलेल्या व्याजासकट सगळी बाकी त्यात मुद्दल म्हणून घालायची. कोऱ्या कागदावर जुने व्याज मुद्दल होऊन बसे आणि त्यावर नवे व्याज सुरू होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव झाला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख होता खतांवर आणि वह्यांवर. कागद हवाली केले तिथे सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. कागद मात्र जाळले गेले. वाचता न येणाऱ्या माणसांनी आपल्या दुःखाचे मूळ अचूक ओळखले होते.

चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा वळणबिंदू हाच. न्यायालयाने खतावरचा आकडा प्रमाण न मानता पहिल्या व्यवहारापासून हिशेब काढावा, मुद्दलाचे आणि व्याजाचे खाते वेगळे धरावे, मुद्दलाच्या खात्यात कुळाच्या हाती खरोखर पडलेली रक्कमच नावे टाकावी, मुद्दलात मिसळलेले व्याज त्यातून बाहेर काढावे, असे कलम १३ ने सांगितले. व्याज मुद्दलाहून वाढू न देणारी दामदुपटीची जुनी मर्यादाही तिथे हिशेबात आली. शिवाय कुळाला पावती, वर्षाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. लेजर कसे मांडावे हे एरवी पेढीचे घरगुती काम. इथे ते न्यायाचे साधन झाले.

पुढचा पल्ला आपण लवकर ओलांडू. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला रोकडवही आणि खतावणी ठेवणे बंधनकारक केले. १९८४ च्या रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकशाखांत लेजर पोस्टिंग यंत्रे आली आणि जाडजूड खतावण्या हळूहळू कपाटात गेल्या. १९९२ मध्ये नरसिंहम समितीच्या पाठोपाठ रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की कर्ज अनुत्पादित झाले की त्यावरचे न आलेले व्याज उत्पन्नात धरायचे नाही, आणि आधी धरले असेल तर उलटवायचे. मार्च २००४ पासून ही वेळ नव्वद दिवसांच्या थकबाकीने येते. मानुच्चीने काळाप्रमाणे वाटलेल्या आकड्याला इथे वसुलीच्या वास्तवाची अट जोडली गेली.

आता आपण संगणकाच्या पडद्यापाशी येतो. ग्रामीण फाउंडेशनने सूक्ष्मवित्त संस्थांसाठी उभारलेली मायफॉस प्रणाली २००६ मध्ये सर्वांना खुली झाली. पुढे तिचाच वंश अपाचे फिनरॅक्ट या नावाने नांदू लागला. तिच्यात कर्जाची योजना तयार करताना आधी विचारले जाते, हिशेब रोख पद्धतीने की उपार्जित? मग एकेक खाते जोडावे लागते. कर्जवाटप झाले की कर्जखाते नावे आणि निधीचे खाते जमा. उपार्जित पद्धतीत व्याज लागले की येणे व्याज नावे, व्याजउत्पन्न जमा. हप्ता आला की बँक नावे, आणि जमेच्या बाजूला तो दंड, शुल्क, व्याज, मुद्दल अशा ठरवलेल्या क्रमाने फुटतो. निर्लेखन, जादा भरणा, उचंत, प्रत्येकाला आपापले घर. मुनीम हा निर्णय प्रत्येक नोंदीपाशी करी. इथे तो पहिले कर्ज वाटण्याआधी एकदाच होतो आणि हजारो कर्जांना लागू पडतो. म्हणून या मांडणीला बसणाऱ्या माणसाचे काम मला फार जबाबदारीचे वाटते. त्याने दंडाला व्याजउत्पन्नाचेच खाते जोडले, तर सॉफ्टवेअर हरकत घेत नाही, कारण दोन्ही उत्पन्नाचीच खाती. तेरीजही जुळते. पण व्याज किती आणि दंड किती, हा भेद लेजरमधून पुसला जातो.

नेमक्या याच जागी अगदी अलीकडचे वळण आले. हप्ता चुकला की व्याजाचा दरच वाढवून दंड वसूल करायची रीत रूढ होती. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ती बंद केली. दंड हा दंडशुल्क म्हणूनच आकारायचा, मुद्दलात मिळवायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागला. व्याजाच्या खात्यात दंड धरणाऱ्या संस्थांना त्यासाठी दंडशुल्काचे स्वतंत्र खाते उघडावे लागले, प्रत्येक योजनेतली दंडाची जोडणी व्याजउत्पन्नावरून काढून त्या खात्याला द्यावी लागली, आणि चालू कर्जेही ३० जून २०२४ पर्यंत नव्या मांडणीखाली आणावी लागली.