वारशाने आलेली चूक

जालना म्हटले की बियाणे आठवते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि संकरित बियाणे हा या शहराचा मोठा व्यवसाय झाला. नर वाण, मादी वाण, आईबापांकडून पिकात उतरणारे गुण, ही भाषा या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना नवी नाही. त्याच दशकात, तिकडे नॉर्वेमध्ये, संगणकाच्या प्रोग्रॅमसाठीही वारशाची कल्पना पुढे आली. तिचा फायदा मोठा झाला. पण तिच्याबरोबर एक चिवट चूकही आली. ती कशी घडते आणि तिला आवर घालायला इतकी वर्षे का लागली, ते आपण पाहू.

ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगार्ड हे प्रत्यक्षातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करू पाहत होते. १९६७ साली त्यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा मांडली. तिच्यात ‘क्लास’ होता. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा आराखडा: वस्तूजवळ कोणती माहिती असते आणि ती कोणती कामे करते. या कामांना पुढे ‘मेथड’ हे नाव रूढ झाले. एका क्लासवरून दुसरा काढता येई. पहिल्याला आपण पालक म्हणू, दुसऱ्याला अपत्य. पालकाच्या मेथड अपत्याला आपोआप मिळत. आणि पालकाने ‘व्हर्च्युअल’ म्हणून जाहीर केलेली मेथड अपत्य स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहू शके. यालाच आज मेथड ओव्हरराइडिंग म्हणतात. अशा वेळी कोणाची मेथड चालवायची, हे समोरची वस्तू कोणत्या क्लासची आहे यावरून ठरते. वस्तू अपत्याची असेल तर अपत्याची मेथड चालते, मग तिला हाक पालकाने का मारलेली असेना. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवू या.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मोंढ्यातल्या गोदामाची नोंद ठेवायची आहे. एका तयार लायब्ररीत, म्हणजे इतरांच्या उपयोगासाठी लिहून ठेवलेल्या क्लासच्या संग्रहात, ‘गोदाम’ नावाचा क्लास आहे. त्याच्या दोन मेथड आहेत: ‘पोते ठेव’ आणि ‘पोती ठेव’. पहिली एक पोते आत घेते, दुसरी एकदम अनेक. आपल्याला आजवर एकूण किती पोती आली तेही हवे आहे. म्हणून आपण ‘मोजणारे गोदाम’ हे अपत्य काढतो आणि दोन्ही मेथड पुन्हा लिहितो. ‘पोते ठेव’मध्ये आकडा एकाने वाढवतो, ‘पोती ठेव’मध्ये जितकी पोती तितक्याने, आणि पुढचे काम पालकाच्या त्याच नावाच्या मेथडकडे सोपवतो. तीन पोती एकदम ठेवतो. आकडा येतो सहा!

चूक कोणत्या ओळीत आहे? आपल्या दोन्ही मेथड वाचल्या तर निर्दोष दिसतात. पालकाच्याही निर्दोष आहेत. गोम अशी की पालकाची ‘पोती ठेव’ आतून तीन वेळा ‘पोते ठेव’ला हाक मारते. वस्तू आपल्या क्लासची असल्यामुळे ती हाक आपल्या मेथडकडे येते. तीन आधीच मोजले होते, त्यात आणखी तीन मिळाले.

यावर सुचणारा पहिला उपाय सोपा आहे: ‘पोती ठेव’मधली मोजणी काढून टाकायची. आकडा बरोबर येतो आणि आपण निर्धास्त होतो. पण पुढच्या वर्षी लायब्ररीचा लेखक वेग वाढवण्यासाठी पालकाची ‘पोती ठेव’ बदलतो. ती आता ‘पोते ठेव’ला हाक न मारता पोती थेट आत घेते. आपण एक अक्षरही बदललेले नाही, तरी तीन पोत्यांचा आकडा शून्य येतो.

येथे बियाण्याचा वारसा आणि प्रोग्रॅमचा वारसा वेगळे पडतात. रोपाला आईबापांचे गुण एकदाच मिळतात. नंतर मूळ वाणाचे काही झाले तरी शेतात उभे असलेले पीक बदलत नाही. प्रोग्रॅममध्ये नाळ तुटतच नाही. पालकात आज केलेला बदल, नवी आवृत्ती वापरताच, प्रत्येक अपत्यात उतरतो. आणि ती अपत्ये कोणी, कोठे लिहिली आहेत हे पालकाच्या लेखकाला ठाऊक नसते.

हा धोका जाणकारांच्या ध्यानात लवकर आला होता. १९८६ साली अ‍ॅलन स्नायडर यांनी दाखवून दिले की वारशामुळे क्लासची अंतर्गत रचना अपत्यापुढे उघडी पडते. १९८७ साली बार्बरा लिस्कॉव्ह यांनी एक कसोटी मांडली: पालकाच्या जागी अपत्य ठेवले तरी वापरणाऱ्याच्या अपेक्षा मोडता कामा नयेत. आपण घेतलेल्या उदाहरणासारखी दुहेरी मोजणी जोशुआ ब्लॉक यांनी २००१ साली जावा भाषेवरच्या आपल्या पुस्तकात मांडली. त्यांचा सल्ला असा की अशा ठिकाणी अपत्य काढूच नये. ‘मोजणारे गोदाम’ हा स्वतंत्र क्लास करावा, त्याच्या पोटात एक साधे गोदाम ठेवावे, मोजणी बाहेर करावी आणि काम आतल्या गोदामाकडे सोपवावे. मग आतले गोदाम स्वतःला कितीही हाका मारो, त्या आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

दुसऱ्या प्रकारची चूक नावाची आहे, आणि ती मराठीच्या शिक्षकांना चटकन कळेल. पालकात ‘पोती ठेव’ आहे आणि आपण ‘पोति ठेव’ लिहिले. माणूस ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करील, संगणक करणार नाही. तो ही नवीच मेथड समजतो. आपल्याला वाटते आपण बदल केला. प्रत्यक्षात पालकाचीच मेथड चालत राहते आणि तक्रार कोणीच करीत नाही. १९८५ साली बाजारात आलेल्या सी प्लस प्लसमध्ये आणि १९९५ साली जाहीर झालेल्या जावामध्ये ही फट होती. नाव तेच, पण कंसातल्या माहितीचा प्रकार वेगळा, एवढ्यानेही घोटाळा होई.

उपाय फक्त एका शब्दाचा होता. अपत्याने ‘ओव्हरराइड’ असे लिहून आपला हेतू जाहीर करायचा. मग पालकात तशी मेथड नसेल तर प्रोग्रॅम तपासतानाच चूक दाखवता येते. १९९५ च्या डेल्फीत आणि २००२ साली आलेल्या सी-शार्पमध्ये हा शब्द होता. दोन्हींच्या रचनेमागे अँडर्स हेल्सबर्ग होते. जावात तशी खूण २००४ साली आली, सी प्लस प्लसमध्ये २०११ साली आणि पायथनमध्ये २०२३ साली. या तिन्हींत ती ऐच्छिक आहे. २०१४ च्या स्विफ्टमध्ये मात्र सक्तीची आहे. म्हणजे सिम्युलाने पालकाला ‘हे बदलू शकता’ असे म्हणायला लावले, पण अपत्याकडून ‘हे मी बदलतो आहे’ असे वदवून घेणे सर्वत्र रुळायला कित्येक दशके लागली.

एवढे मात्र खरे की हा शब्द नावाची चूक पकडतो, मोजणीची नाही. मोजणीची चूक पकडायला कागद लागतो. वर्गात हा प्रयोग संगणकाशिवाय करता येईल. चार विद्यार्थ्यांना चार मेथड वाटून द्या: दोन पालकाच्या, दोन अपत्याच्या. पाचवा फळ्यावर आकडा लिहील. हाक आली की अपत्याचा विद्यार्थी आधी उठेल, हा एकच नियम. अपत्याने स्वतः काम पालकाकडे सोपवले, तरच पालकाचा उठेल. तीन पोती ठेवायला सांगा आणि फळ्यावर सहा कसे उमटते ते मुलांनाच शोधू द्या. मग विचारा: यात चूक कोणाची? उत्तरावर एकमत होणार नाही. तेथूनच चर्चा सुरू करावी.