पैसा पालिकेचा, आवाज कुणाचा? न्यूयॉर्कच्या एका संस्थेची गोष्ट



माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: 'सरकारी निधी घेतला आणि संस्थेतली चळवळ संपली.' मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात तीन शब्द लिहिले: कधी? कुणी? कशावरून?

मला राग आला, खरं सांगतो. कारण ते वाक्य मी कागदपत्रं वाचून लिहिलंच नव्हतं. पीएचडीला येण्याआधी मी दोन वर्षं एका वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्थेत होतो. पालिकेचं थोडं अनुदान मिळायचं. पाण्याच्या प्रश्नावर आम्ही बायकांना घेऊन वॉर्ड ऑफिसवर गेलो आणि पुढच्या वर्षी अनुदान आलं नाही. त्यामुळे उत्तर माझ्या डोक्यात आधीच तयार होतं, आर्काइव्हमध्ये मी फक्त पुरावा शोधायला गेलो होतो. तुमच्यापैकी बरेच जण अशाच एखाद्या अनुभवातून संशोधनाकडे येणार आहात, म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगतो.

लोअर ईस्ट साइड, १९६२

संस्थेचं नाव 'मोबिलायझेशन फॉर यूथ'. जागा न्यूयॉर्कची लोअर ईस्ट साइड, म्हणजे जुन्या दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींचा भाग. आधी इथे युरोपातून आलेले ज्यू आणि इटालियन लोक राहायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आली. शाळा, पोलीस, कल्याण खातं या सगळ्या ठिकाणी निर्णय घेणारे मात्र दुसरेच होते.

पोरं गुन्हेगारीकडे का वळतात, या प्रश्नातून ही संस्था उभी राहिली. रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६० साली मांडलं होतं की दोष पोरांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांना मिळणाऱ्या संधींमध्ये शोधा. संधी बंद असतील, तर त्या बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेशी बोलायला हवं, आणि ते तिथल्या रहिवाशांनीच करायला हवं. ३१ मे १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी या प्रकल्पाची घोषणा केली. तीन वर्षांसाठी सव्वा कोट डॉलरच्या आसपास रक्कम. पैसे देणारे कोण? केंद्र सरकारच्या यंत्रणा, फोर्ड फाउंडेशन आणि स्वतः न्यूयॉर्क शहर.

इथे जरा थांबा. शहर ज्या संस्थेला पैसे देत होतं, ती संस्था रहिवाशांना शहराच्याच शाळांना, कल्याण खात्याला आणि घरांची तपासणी करणाऱ्या खात्याला जाब विचारायला शिकवणार होती. करारावर सही करताना हे कुणाच्या लक्षात आलं होतं का? माझ्या प्रकरणाचा खरा रिसर्च क्वेश्चन पुढे हाच झाला.

आया शाळेत गेल्या

सुरुवातीला नोकरीचं प्रशिक्षण, सल्ला केंद्रं असं काम चाललं. त्याला कुणाची हरकत नव्हती. मग संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं पोर्तो रिकन आयांचा एक गट तयार झाला. मुलांना नीट शिकवलं जात नाही, आम्हाला नीट वागवलं जात नाही, असं सांगत त्या मुख्याध्यापकांपर्यंत गेल्या. यावर भागातल्या मुख्याध्यापकांनी आयांना उत्तर देण्याऐवजी संस्थेविरुद्धच तक्रार केली. त्याच सुमारास, १९६३-६४ च्या हिवाळ्यात, शहरात भाडेबंद आंदोलन पेटलं. गरम पाणी नाही, उंदीर फिरतायत, मग भाडं कशाचं? लोअर ईस्ट साइडवर या भाडेकरूंच्या मागे संस्था उभी राहिली.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १६ ऑगस्ट १९६४ रोजी 'डेली न्यूज' या वृत्तपत्रानं बातमी छापली की या संस्थेत कम्युनिस्ट घुसले असल्याचा संशय आहे. चारच दिवसांनी, २० ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 'इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट'वर सही केली. त्या कायद्यात म्हटलं होतं की गरिबांसाठीचे स्थानिक कार्यक्रम आखताना आणि चालवताना त्या वस्तीतल्या रहिवाशांचा शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग असावा. म्हणजे ज्या प्रयोगातून ही कल्पना बळकट झाली, तो प्रयोग चौकशीच्या फेऱ्यात अडकत असतानाच ती देशाचा कायदा होत होती.

चौकशीत मोठा कट वगैरे काही सिद्ध झालं नाही. पण संस्थेचं नेतृत्व बदललं आणि लोकांना संघटित करण्याचं काम हळूहळू मागे पडलं. माझं लाल रेघेतलं वाक्य इथपर्यंत अगदी खरं वाटत होतं.

महापौर चिडले

नव्या कायद्यात एक कळीची गोष्ट होती: केंद्राचा पैसा महापालिकेला वळसा घालून थेट स्थानिक संस्थांना जाऊ शकत होता. शिकागोच्या महापौर रिचर्ड डेलींनी ही पळवाट आपल्या शहरात ठेवलीच नाही. कार्यक्रम चालवणारी समितीच त्यांनी आपल्या हाताखाली घेतली. बाकीचे महापौर वैतागले. १९६५ मध्ये महापौरांच्या परिषदेत सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या महापौरांनी एका ठरावाचा मसुदा आणला. हा कार्यक्रम वर्गसंघर्ष पेटवतोय, असा त्यात आरोप होता.

१९६७ च्या शेवटी ओरेगॉनच्या काँग्रेस सदस्य एडिथ ग्रीन यांची दुरुस्ती मंजूर झाली. कार्यक्रम कुठल्या संस्थेनं चालवायचा हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक सरकारला मिळाला. संचालक मंडळाची वाटणीही ठरली: एक तृतीयांश सरकारी प्रतिनिधी, किमान एक तृतीयांश गरिबांचे प्रतिनिधी, उरलेले व्यापारी, कामगार संघटना वगैरे. कायद्याचा मजकूर वाचला की वाटतं, महापौर जिंकले, विषय संपला.

पण प्रत्यक्षात? संस्था ताब्यात घेण्याचा हा अधिकार फारच थोड्या शहरांनी वापरला. आता याचा अर्थ कसा लावाल? एक, दुरुस्ती निष्प्रभ ठरली. दोन, बहुतेक ठिकाणी महापौर आणि संस्था यांचं तोवर जुळलेलं होतं. तीन, ताब्यात घेण्याची शक्यता हीच धमकी पुरेशी होती. तिन्ही अर्थ एकाच आकड्यातून निघतात. कुठला खरा, हे प्रत्येक शहराच्या बैठकांची इतिवृत्तं वाचल्याशिवाय कळत नाही.

असंच दुसरं उदाहरण. फिलाडेल्फियात १९६५ मध्ये गरिबांनी आपले प्रतिनिधी निवडावेत म्हणून मतदान घेतलं गेलं, ते तीन टक्क्यांच्याही आत राहिलं. टीकाकार म्हणाले, बघा, लोकांनाच रस नाही. पण ज्या मंडळाच्या हातात नक्की काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी कामधंदा सोडून मतदानाला जायचं कशाला? हाच आकडा उदासीनतेचा पुरावा होऊ शकतो आणि शहाणपणाचाही.

डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन (हेच पुढे १९७३ ते ७५ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते) यांनी १९६९ च्या पुस्तकात म्हटलं की कायदा करणाऱ्यांनाच 'सहभाग' म्हणजे काय ते कळलं नव्हतं. त्याच वर्षी शेरी अर्नस्टीन यांचा नागरिक सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीवरचा लेख आला. खालच्या पायरीवर लोकांना नुसतं बसवून ठेवणं, सर्वात वर लोकांच्या हाती नियंत्रण. नेटची तयारी करताना ही शिडी तुम्ही पाठ केली असेल. ती कुठल्या भांडणातून आली, हेही लक्षात ठेवा.

वकिलांचा विभाग

मॅडमच्या 'कशावरून?' या प्रश्नामुळे मी न्यूयॉर्कच्या संस्थेकडे परत गेलो आणि तिचे विभाग वेगवेगळे वाचले. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी पहिल्या वाचनात मी सरळ ओलांडून गेलो होतो. संस्थेत १९६३ च्या शेवटी कायदेशीर मदतीचा एक छोटा विभाग सुरू झाला होता. एडवर्ड स्पॅरर नावाचे वकील त्याचं काम बघायचे. कल्याण खात्यानं कुणाची मदत बंद केली की हे वकील त्या माणसाच्या बाजूनं उभे राहायचे.

मोर्चे थंडावले, पण हा विभाग चालू राहिला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या काही रहिवाशांच्या वतीनं दाखल झालेल्या खटल्यात याच विभागाचे वकील होते. मार्च १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या प्रकरणात निकाल दिला की माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याची कल्याण मदत बंद करता येणार नाही. सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या विभागानं सरकारी खात्यांना कोर्टात हरवलं!

मग 'चळवळ संपली' हे वाक्य चुकीचं का? अर्धं बरोबर आहे. गटानं उभं राहून बोलणं आटलं. एकेका माणसानं, वकिलामार्फत, प्रक्रियेच्या भाषेत बोलणं टिकलं. निधीमुळे आवाज सरसकट बंद होत नाही. कुठल्या प्रकारचा आवाज चालेल, याची निवड होते. माझ्या प्रकरणाचा युक्तिवाद आता हा आहे. यातही नुकसान आहेच. शाळेत गेलेल्या आयांना कोर्टाच्या निकालातून शाळा मिळाली नाही.

तुमच्या विषयासाठी

असा विषय घेणार असाल तर तीन गोष्टी करून बघा.

संस्थेचे अहवाल आणि भाषणं यांच्याआधी अनुदानाच्या अटी वाचा. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आला, नूतनीकरण कोण करतं, मंडळावर कुणाला कोण नेमतं, हे टिपा. आपल्याकडचंच बघा: ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आली. पण त्यांचं नामनिर्देशन करायचं कुणी? नगरसेवकांनीच. एवढ्या एका ओळीवर एक पेपर होऊ शकतो.

दुसरं, संस्थेला एकसंध समजू नका. विभागवार वाचा, कालक्रम लावा.

तिसरं, तुलना शोधा, पण ओढूनताणून नको. फोर्ड फाउंडेशनच्याच मदतीनं १९५८ नंतर दिल्ली महापालिकेनं वस्त्यांमध्ये विकास मंडळं उभी केली होती. मार्शल क्लिनार्ड यांचं १९६६ चं पुस्तक त्यावर आहे. तिथे भर स्वतःच्या मदतीवर होता, जाब विचारण्यावर कमी. देणारा एकच, मग फरक कशामुळे पडला? कुणीतरी हे करायला हवं.

आणि शेवटचं. तुमचा अनुभव लपवू नका, पण त्याला पुरावाही समजू नका. ते प्रकरण पुन्हा लिहिल्यावर मी आमच्या जुन्या वस्तीत गेलो होतो. मोर्चे कधीच बंद झालेत. पण संस्थेच्या खोलीत रेशनकार्डाचे आणि पेन्शनचे अर्ज भरून देणारं टेबल चालू आहे आणि तिथे रांग होती. मी काम करत होतो तेव्हाही ते टेबल तिथेच होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्याचा उल्लेख नव्हता.