फासो दान फानी

फासो दान फानी : पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचे हातमागावरचे सुती कापड. दिउला भाषेत ‘फासो’ म्हणजे वाडवडिलांची भूमी, ‘दान’ म्हणजे विणलेले आणि ‘फानी’ म्हणजे कापड.

परंपरेने हे कापड मोठ्या पन्ह्याचे नसते. अरुंद मागावर लांबच लांब पट्टी विणतात आणि अशा अनेक पट्ट्या काठाला काठ लावून जोडतात. त्यामुळे कपडा बेतण्याआधीच सुईदोऱ्याचे काम सुरू होते. शिंप्याला रंगीत रेघा शिवणीवर जुळवून घ्याव्या लागतात. कापड जाड असते आणि कात्री लागली की कडेच्या दशा सुटू लागतात, म्हणून कड लगेच पक्की करावी लागते. घाईने होणारे हे काम नव्हे, आणि त्याची मजुरी पाडून मागणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे.

पूर्वी माग पुरुष चालवत. आता जास्त पन्ह्याच्या मागांवर बायका मोठ्या संख्येने विणतात.

या कापडाला मान मिळवून दिला तो तोमा सांकारा यांनी. 1983 मध्ये ते सत्तेवर आले; पुढच्याच वर्षी अप्पर व्होल्टाचे नाव बुर्किना फासो झाले. सरकारी नोकरांनी देशी कापड घालावे असा त्यांचा आग्रह होता. काही जण एक सदरा कचेरीतच ठेवत आणि सांकारा अचानक येताहेत असे कळले की घाईने अंगात चढवत. त्यावरून अशा कपड्याला ‘सांकारा आले’ असे नावच पडले. जुलै 1987 मध्ये आदिस अबाबाच्या आफ्रिकी शिखर परिषदेत त्यांनी अभिमानाने सांगितले, की आपल्या शिष्टमंडळाचे कपडे बुर्किनातच पिकलेल्या, विणलेल्या आणि शिवलेल्या कापसाचे आहेत. 15 ऑक्टोबर 1987 रोजी त्यांची हत्या झाली. सक्ती गेली आणि मागणीही ओसरली.

या धंद्याचे मूळ दुखणे विदर्भातल्या वाचकाला परके वाटणार नाही : देशात कापूस अमाप, पण बहुतेक रुई गाठी बांधून परदेशी जाते. बोबो-दिउलासो येथे सूतगिरणी आहे, तरी देशातच सूत होते ते थोड्याच कापसाचे.

बुर्किनाच्या शिंप्याचे काम मात्र परदेशी पोहोचले आहे. बुर्किनात जन्मलेले पाते ऊएद्राओगो ऊर्फ पाते’ओ आयव्हरी कोस्टमधील अबिजानला गेले आणि तिथे शिंपीकाम शिकले. पुढे नेल्सन मंडेलांनी त्यांचे सदरे घातले. एप्रिल 2019 मध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने माराकेशच्या आपल्या प्रदर्शनात त्यांना सहभागी करून घेतले, तेही नावानिशी. नावाचे मोल मोठे आहे, कारण परदेशी लेबलाखाली शिवणारा हात सहसा निनावीच राहतो. 2009 पासून चालणारा आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचा नैतिक फॅशन उपक्रमही बुर्किनातील विणकरांचे कापड स्टेला जाँ यांच्यासारख्या डिझायनरांपर्यंत पोहोचवतो.

तरीही परदेशी ऑर्डर हंगामापुरती असते. राजधानी वागादुगूच्या शिंप्याला बारमाही आधार गावच्या गिऱ्हाईकाचाच : लग्ने, सणवार आणि विशेषतः 8 मार्चचा महिला दिन. त्या दिवशी बायका खास कापडाचे नवे कपडे घालतात, आणि आधीचे काही आठवडे शिंप्यांना उसंत नसते.

या मागणीवरच आता स्वस्त छापील नकला टपल्या आहेत. अस्सल माल ओळखायचा तर कापड उलटून पाहावे. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी निघते. विणलेल्या रेघा दोन्हीकडे सारख्याच गडद असतात.